रोजच्या जेवणासोबत घेण्याजोगी, चवदार आणि परवडणारी पांढरी वाइन कशी निवडावी?

गोदातीर (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही उभयता नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या परिसरात राहतो. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी जेवणासोबत एकेक ग्लास पांढरी वाइन घ्यावी, असा आमचा क्रम आता बसला आहे. लाल वाइन माझ्या यजमानांना तुरट लागते आणि उन्हाळ्यात ती मलाही जड वाटते, त्यामुळे ही चर्चा पांढऱ्या वाइनपुरतीच ठेवावी, ही विनंती.

द्राक्षांच्या जिल्ह्यात राहत असूनही दुकानातील फळीसमोर उभे राहिल्यावर कोणती बाटली उचलावी, हे आम्हांला ठरवता येत नाही. एकाच कंपनीच्या चार पांढऱ्या वाइन शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, त्यांच्या किमतींत दीडपट-दुप्पट फरक असतो आणि विक्रेत्याला विचारले तर ‘ही जास्त चालते’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. सणासमारंभाला किंवा पाहुण्यांसाठी महागडी बाटली आणण्याला हरकत नाही. मात्र नेहमीसाठी ७५० मिलिलिटरच्या बाटलीला हजार रुपयांच्या वर जाण्याची आमची तयारी नाही आणि त्याहून कमीत भागले तर उत्तमच.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की, या किमतीत द्राक्षाची कोणती जात निवडणे शहाणपणाचे आहे, लेबलावर नेमके काय वाचावे आणि परदेशी बाटलीच्या मागे लागण्यात काही अर्थ आहे का. आमच्या घरी स्वयंपाक बहुतांशी शाकाहारी आणि मराठी वळणाचा असतो. रविवारी मासे असतात. आम्हांला अगदी गोड वाइन नको आहे, परंतु तोंड आंबट होईल इतकी कोरडीही (म्हणजे साखर जवळजवळ न उरलेली) नको.

चाखनवीस

गोदातीर ताई, रोजच्यासाठी एकच जात सांगायची झाली तर मी निःशंकपणे शेनिन ब्लाँ सांगेन. ही जात मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातील. दक्षिण आफ्रिकेत आज पांढऱ्या द्राक्षांमध्ये तिचीच लागवड सर्वाधिक आहे. उष्ण हवेतही स्वतःची आम्लता टिकवून धरणे हा तिचा मोठा गुण असल्यामुळे ती नाशिकला मानवली. सुला वाइनयार्ड्‌सने १९९७ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ या दोन जाती लावल्या आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. त्यानंतर जिल्ह्यात उभ्या राहिलेल्या बहुतेक वायनऱ्यांनी शेनिनला आपल्या यादीत जागा दिली आहे. पिकलेला पेरू, नाशपाती, थोडा मध आणि शेवटी लिंबासारखी उठावदार आंबट चव, असे तिचे साधारण रूप असते.

ती स्वस्त का पडते, हेही समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यावरूनच हजार रुपयांच्या आत काय मागावे आणि काय मागू नये हे ठरते. शेनिनचा वेल भरघोस घड देतो. तिची वाइन स्टीलच्या टाकीत साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला थंड ठेवून आंबवली जाते आणि काही महिन्यांतच बाटलीत भरून विकता येते. म्हणजे वायनरीचे भांडवल वर्षानुवर्षे अडकून पडत नाही आणि लाकडी पिंपांचा खर्चही येत नाही. ओकच्या लाकडाचे २२५ लिटरचे एक फ्रेंच पिंप अर्ध्या लाखाच्या पुढे जाते, आणि काही हंगामांनंतर त्याचा वासही उतरतो. म्हणून पिंपात मुरवलेली, लोण्यासारख्या चवीची, शार्दोने जातीच्या द्राक्षाची वाइन तुम्हांला कितीही आवडत असली, तरी ती या किमतीत शोधू नये. स्वस्तात ओकची चव मिळत असेल, तर ती बहुधा टाकीत सोडलेल्या लाकडाच्या तुकड्यांची असते, आणि माझ्या मते तशा वाइनपेक्षा साधी, ताजी शेनिन केव्हाही सरस.

आता सोव्हिन्यो ब्लाँविषयी. हिचा वास पहिल्याच घोटाआधी ओळखू येतो: हिरवी ढोबळी मिरची, नुकतेच कापलेले गवत, कधी कधी पॅशनफ्रूट. ढोबळी मिरचीचा भास उगाच होत नाही. मिरचीत असणारी पायराझिन वर्गातील सुगंधी द्रव्येच या द्राक्षात असतात, आणि द्राक्ष जितके कमी पिकलेले, तितकी ती अधिक जाणवतात. ही वाइन बहुधा कोरडी असते. तुम्ही कोरडेपणाविषयी जी शंका मांडली आहे, ती पाहता हिच्यापासून सुरुवात करू नये, परंतु हिला वगळूही नये.

व्हिओन्ये ही तिसरी जात, फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातून आलेली. जर्दाळू आणि पांढऱ्या फुलांचा सुवास, अंगाने भरीव, आंबटपणा मात्र कमी. ग्रोव्हर झाम्पा या वायनरीची आर्ट मालिकेतील व्हिओन्ये आणि इगतपुरीजवळच्या कावनईच्या व्हॅलोनची व्हिओन्ये या दोन्ही चाखून पाहाव्यात, मात्र किंमत पाहून. सुलाच्या दिंडोरी रिझर्व्ह मालिकेतही व्हिओन्ये आहे, परंतु ती रोजच्या खर्चात बसवणे अवघड. रीसलिंग येथे थोडकीच होते. सुलाची रीसलिंग किंचित गोडसर आणि सुवासिक असते आणि ज्यांना शेनिन आवडते त्यांना ती सहसा आवडते.

नावांबाबत एक सूचना. एकाच वायनरीला चिकटून राहू नका. सुलाची शेनिन सहज मिळते आणि ती जाणीवपूर्वक थोडी गोडसर ठेवलेली असते. तिच्यासोबत एकदा गंगावऱ्हेच्या सोमाची किंवा यॉर्कची बाटली घेऊन दोन्ही शेजारी शेजारी चाखा. निफाड तालुक्यातील रेव्हेलो ही वायनरी ग्रिलो नावाच्या सिसिलीच्या जातीची कोरडी पांढरी वाइन करते. असे वेगळे काही क्वचित मिळते, म्हणून सांगून ठेवतो. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्लीच्या शेनिन आणि सोव्हिन्योही नाशिकच्या दुकानांत असतात. ‘आपल्या जिल्ह्याचीच’ असा हट्ट धरून त्या टाळण्याचे कारण नाही.

परदेशी बाटलीचा विचार मात्र सोडून द्यावा, असे मी स्पष्टच सांगतो. परदेशी वाइनवर आयात शुल्क अनेक वर्षे एकूण १५० टक्के राहिले आहे आणि त्यावर राज्याचे कर चढतात. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून तेथील ठराविक किमतीच्या वरच्या बाटल्यांना सवलत मिळाली, तरी ती टप्प्याटप्प्याने वाढणारी आहे. युरोपात जी बाटली तीन-चार युरोंना मिळते आणि तिथले लोक जिचा फारसा विचारही करत नाहीत, तिच्यासाठी येथे दीड हजार रुपये मोजायचे आणि वर ‘इम्पोर्टेड’ म्हणून कौतुक करायचे, हे मला तरी पटत नाही. याउलट महाराष्ट्रातील द्राक्षांपासून येथेच केलेल्या वाइनला राज्य शासनाने २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून उत्पादन शुल्कात मोठी सवलत दिली आहे. नऊशे रुपयांच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात, म्हणजे ग्लासाला १८० रुपये. हॉटेलात तेवढ्याच वाइनला किती मोजावे लागतात, ते आपण सगळे जाणतो.

शिवारातला

चाखनवीस यांनी बाटलीकडून सांगितले आहे, मी बागेकडून सांगतो. आमची निफाड तालुक्यात खाण्याची आणि वाइनची अशी दोन्ही प्रकारची द्राक्षे आहेत आणि शेनिन आम्ही करारावर वायनरीला देतो.

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी करून फळ धरायचे. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकून सप्टेंबरच्या सुमारास तोडले जाते. आपले पीक हिवाळ्यात वाढते आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येते. पांढऱ्या जाती आधी, लाल नंतर. निफाडचा पारा थंडीत किती खाली उतरतो, याच्या बातम्या तुम्ही दरवर्षी वाचत असालच. त्या थंडीचा खाण्याच्या द्राक्षाला त्रास होतो, मणी तडकतात, परंतु वाइनच्या द्राक्षाला ती मानवते. मण्यांत पाणी उतरू लागले की दिवसाच्या उन्हात साखर वाढत जाते. रात्र गार असेल तर आंबटपणा टिकतो, आणि रात्रीही गरम राहू लागल्या की द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने कमी होते. म्हणून जानेवारीच्या अखेरीस तोडलेल्या आणि मार्चच्या उन्हात तोडलेल्या द्राक्षाची साखर मोजपट्टीवर एकच आली, तरी वाइन एकसारखी होत नाही. उशिरा आलेल्या मालात वायनरीला टार्टारिक आम्ल मिसळून तोल साधावा लागतो. त्यात गैर काही नाही, उष्ण प्रदेशांत सर्वत्र तसे करतात. पण वेलीवरच टिकलेला आंबटपणा वेगळा, हे जिभेला कळते.

तोडणीचा दिवस ठरवताना आम्ही केवळ ब्रिक्सच्या (रसातली साखर मोजण्याच्या) यंत्राकडे पाहत नाही. पांढऱ्या वाइनसाठी साधारण २१ ते २३ ब्रिक्सला माल घेतात, फसफसणाऱ्या वाइनसाठी त्याहून आधी. पण वायनरीचा माणूस बागेत आला की आधी ओळीच्या मधोमध जाऊन घडाच्या सावलीकडच्या बाजूचा मणी तोडतो, कारण उन्हाकडचा मणी नेहमीच जास्त गोड निघतो. वाइनचा मणी थॉमसन या खाण्याच्या द्राक्षापेक्षा बराच लहान, सालीला जाड आणि बियांचा असतो. तो मणी चावून बी तळहातावर काढतो आणि तिचा रंग बघतो. बी हिरवट असेल आणि दाताखाली चिकट लागत असेल तर आणखी थांबायचे. ती तपकिरी होऊन कटकन फुटू लागली की दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढण्याच्या आत, कात्र्या चालवायच्या. क्रेट दहा वाजेपर्यंत वायनरीत पोहोचले पाहिजेत, नाही तर तापलेल्या मालाचा वास वाटेतच उडतो.

आता लेबलाचे. सर्वांत आधी हंगामाचे वर्ष पाहा. स्वस्त पांढरी वाइन मुरवण्यासाठी केलेली नसते. तिची सारी गोडी ताजेपणात आहे. चालू किंवा मागच्या हंगामाची असेल तरच घ्या. ‘जुनी म्हणजे चांगली’ हा समज या किमतीच्या पांढऱ्या वाइनला लागू होत नाही, आणि सवलतीच्या टोपलीत पडलेली बाटली का पडली आहे, हे बहुधा त्या वर्षाच्या आकड्यातच दिसते.

त्यानंतर अल्कोहोलचा आकडा पाहा. रसातली लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होते. त्यामुळे एखाद्या शेनिनवर १३ टक्क्यांच्या वर आकडा असेल, तर साखर बहुतेक सगळी आंबून गेली आहे आणि वाइन कोरडी असण्याची शक्यता जास्त. साडेअकरा-बाराचा आकडा असेल, तर एक तर टाकी थंड करून आंबवणे मध्येच थांबवले आहे आणि साखर मागे राहिली आहे, किंवा द्राक्ष लवकर तोडले आहे. हा काही शंभर टक्के खात्रीचा नियम नव्हे, पण पाठीमागचे गुळगुळीत वर्णन वाचण्यापेक्षा याचा उपयोग अधिक. काही लेबलांवर कोरडी, अर्धकोरडी असेही लिहिलेले असते. लिटरमागे चार ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइन सर्वसाधारणपणे कोरडी मानतात.

‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्याचा आम्हां बागायतदारांना अभिमान आहे. परंतु ते मानांकन वाइन कुठली हे सांगते, कशी हे सांगत नाही. छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला आणि डाऊनी, भुरी या बुरशीजन्य रोगांनी बाग धरली, तर त्या वर्षी मानांकनातल्या वाइनचीही चव पडते.

रांधणघर

मी मूळची मालवणकडची, लग्नानंतर नाशिकची झाले, त्यामुळे माझ्या ताटात दोन्हीकडचे असते. वर चाखनवीस यांनी सोव्हिन्योला दुसऱ्या पंक्तीत बसवले आहे, ते मला मान्य नाही. रविवारी मासे असतात असे ताईंनी लिहिले आहे. रव्यात घोळवून तव्यावर कुरकुरीत भाजलेल्या सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळले की किंचित गोडसर शेनिन तिच्यापुढे मिळमिळीत लागते, कारण पदार्थातला आंबटपणा वाइनपेक्षा जास्त झाला तर वाइन पाणचट वाटते. तिथे कोरडी सोव्हिन्योच हवी. कोथिंबीर वडी, थालीपीठ-लोणी, पालकाची ताकातली भाजी, हिरव्या वाटणाचे काहीही, यांच्याशीही तिचा हिरवट वास छान जुळतो. कोथिंबीर वडीबरोबर तर मी दुसरे काही सुचवणारच नाही.

शेनिनची जागा मात्र रोजच्या वरण-आमटीच्या ताटात आहे, हे मी कबूल करते. गोडा मसाला आणि गूळ घातलेली आमटी, भोपळ्याची भाजी, मटकीची उसळ, या सगळ्यांत एक गोडसर धागा असतो आणि अगदी कोरडी वाइन त्याच्यापुढे कडवट होते. ताटात साखर किंवा गूळ असेल तर वाइनमध्येही थोडी साखर हवी, इतके लक्षात ठेवले तरी पुष्कळ भागते. दाण्याच्या कुटाची भरली वांगी असतील त्या दिवशी व्हिओन्ये उघडा. तेल आणि दाणे यांना तिचा भरीवपणा पेलतो.

मिसळीचे काय, असे नाशिककर विचारणारच. मिसळीबरोबर वाइन घेऊ नये, हे माझे प्रामाणिक मत आहे. अल्कोहोल तिखटाचा जाळ वाढवते, कमी करत नाही. तर्री जितकी झणझणीत, तितकी १३ टक्क्यांची कोरडी वाइन घशाखाली जास्त झोंबते. कोणी फारच हट्ट धरला तर गोडसर, कमी अल्कोहोलची आणि चांगली गार शेनिन किंवा रीसलिंग चालेल, परंतु त्यापेक्षा ताक बरे. श्रीखंड, पुरणपोळी यांच्यासोबतही या वाइन ठेवू नयेत. गोड पदार्थापेक्षा वाइन अधिक गोड असावी लागते, आणि उशिरा तोडलेल्या द्राक्षांची तशी वाइन हा वेगळाच आणि महाग प्रकार आहे.

गोदातीर (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. शिवारातला यांनी अल्कोहोलच्या आकड्याविषयी जे लिहिले ते वाचून घरातल्या दोन रिकाम्या बाटल्या काढून पाहिल्या. यजमानांना आवडलेली बारा टक्क्यांची निघाली आणि त्यांनी ‘आंबट’ म्हणून नाकारलेली साडेतेराची.

आणखी दोन शंका आहेत. मागच्या मे महिन्यात एका दुकानातून आणलेली, आमच्या ओळखीच्याच लेबलाची बाटली अगदी निर्जीव लागली. रंगही नेहमीपेक्षा पिवळा होता आणि वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा येत होता. वर्ष चालूच होते. दुकानदाराने ‘बंद बाटली आहे, आम्ही काय करणार’ असे म्हणून ती परत घेण्यास नकार दिला. हे कशामुळे झाले असावे? आणि दुसरे म्हणजे, आम्ही दोघे एका वेळी एकेकच ग्लास घेतो. मग उघडलेली बाटली किती दिवस ठेवता येते?

फळीवरचा माणूस

ताई, अनेक वर्षे वाइनच्या किरकोळ विक्रीत काम केले आहे, म्हणून हे दोन्ही प्रश्न माझ्याकडचे समजतो.

आपण वर्णन केलेली लक्षणे उष्णतेची आणि प्राणवायूची आहेत. वाइन वायनरीतून निघताना उत्तम असते. पुढे टेम्पोत, गोदामात आणि दुकानात तिचे काय होते, यावर कोणाचेच लक्ष नसते. नाशिकमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याच्या गोदामात, किंवा रात्री वातानुकूलन बंद करणाऱ्या दुकानात, वरच्या फळीवर बाटली काही आठवडे उभी राहिली तर तिचा फळांचा सुवास मरतो, रंग गडद होतो आणि सफरचंद काळे पडल्यासारखा वास येतो. त्यात बाटली पारदर्शक काचेची असेल तर उन्हाने आणि ट्यूबलाइटच्या सततच्या प्रकाशानेही वास बिघडतो. काचेच्या दर्शनी कपाटात दिव्याखाली ठेवलेली बाटली कधीही घेऊ नये. तीच वाइन आतल्या खोक्यातून काढून द्यायला सांगावी. चांगला विक्रेता त्यासाठी तोंड वाकडे करत नाही.

त्यामुळे आपल्या यादीत वाइनच्या नावाआधी दुकानाचे नाव ठरवा. जिथे दिवसभर गारवा असतो, जिथे माल पटापट हलतो, जिथे पांढऱ्या बाटल्या शीतकपाटात असतात, तेथे शंभर रुपये जास्त पडले तरी हरकत नाही. उन्हाळ्यात त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे गंगापूर धरण, दिंडोरी किंवा इगतपुरीच्या बाजूला जाणे झालेच, तर थेट वायनरीच्या विक्री केंद्रातून घ्यावी. येताना बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून मध्येच जेवायला थांबू नये, एवढे पथ्य पाळावे. फिरकीच्या झाकणाला कमी प्रतीचे समजू नका. ताज्या पांढऱ्या वाइनसाठी ते कॉर्कपेक्षा सोयीचे आहे. कॉर्कमधून क्वचित येणारा कुबट, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास त्यात येत नाही, आणि उघडलेली बाटली पुन्हा घट्ट बंद करता येते.

उघडलेल्या बाटलीविषयी. झाकण लावून लगेच फ्रिजमध्ये ठेवल्यास शेनिन किंवा सोव्हिन्यो तीन दिवस बऱ्या स्थितीत राहते. व्हिओन्येचा सुवास त्याआधीच उतरू लागतो. वाइनला मारक असते ती बाटलीतली मोकळी हवा. म्हणून आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांना मी एक सोपी युक्ती सांगत असे: ३७५ मिलिलिटरची एक रिकामी, फिरकीच्या झाकणाची बाटली स्वच्छ धुऊन कोरडी ठेवावी, आणि मोठी बाटली उघडताक्षणीच तिच्यातली निम्मी वाइन या छोटीत अगदी गळ्यापर्यंत भरून बंद करावी. उरलेली निम्मी त्या दिवशी दोघांत संपते आणि छोटीतली पाच-सहा दिवसांनीही ताजी लागते. ज्या वाइन ३७५ मिलिलिटरमध्ये मिळतात, त्यांची तीच बाटली घेता येते, पण मिलिलिटरमागे ती थोडी महाग पडते.

चाखनवीस

रांधणघर यांचा सुरमईचा मुद्दा मान्य. मी रोजच्या ताटाचा विचार करून लिहिले होते, रविवारच्या नव्हे.

राहून गेलेली एक गोष्ट तापमानाची. फ्रिज साधारण चार-पाच अंशांवर असतो आणि त्या थंडीत कोणत्याही वाइनचा वास दबतो. मग नऊशेची काय आणि चारशेची काय, सारख्याच लागतात. शेनिन आणि सोव्हिन्यो आठ ते दहा अंशांना, व्हिओन्ये दहा-बारा अंशांना घ्यावी, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटे टेबलावर ठेवावी. मे महिन्यात पाच मिनिटेही पुरतात. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या भांड्यात बाटली बुडवून ठेवावी, फ्रीजरपेक्षा लवकर गार होते. ग्लासात बर्फ टाकू नये. त्याऐवजी फ्रीजरमध्ये गोठवलेले थॉमसनचे मणी टाकावेत. हंगामात घरात किलोने द्राक्षे पडलेली असतातच.

तुमच्यासाठी माझी पहिली खरेदी अशी असेल: किंचित गोडसर शेनिनच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या वायनऱ्यांच्या, एक कोरडी सोव्हिन्यो रविवारसाठी, आणि व्हिओन्ये किंमत जमली तरच.

गोदातीर (धागाकर्ती)

पुन्हा एकदा आभार. शिवारातला यांना शेवटचा एक प्रश्न: नव्या हंगामाची शेनिन दुकानात साधारण केव्हा येते? म्हणजे तोपर्यंत थोडीच घेऊन ठेवू.

शिवारातला

जानेवारी-फेब्रुवारीत तोडलेल्या मालाची वाइन आंबून, निवळून, गाळून बाटलीत भरायला दोन-तीन महिने तरी लागतात. म्हणजे उन्हाळा संपतासंपता, कधी पावसाळ्याच्या तोंडावर, नवे वर्ष छापलेल्या बाटल्या दिसू लागतात. मात्र दुकानदार आधीचा साठा संपवल्याशिवाय नवी खोकी पुढे काढत नाही, त्यामुळे जून-जुलैत आपण होऊन विचारावे. आणि त्या वेळी आधीच्या हंगामाची बाटली निम्म्या किमतीत पुढे केली, तर एकच घ्यावी, घरी नेऊन चाखावी आणि चांगली निघाली तरच दुसऱ्या दिवशी बाकीच्या उचलाव्यात.